जळत्या घरातली जागती तार



व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हटले म्हणजे श्रोत्यांची अपेक्षा राज्ये, लढाया, तह, निदान एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र अशी असते, आणि ती योग्यच आहे. आम्ही आज जिचा इतिहास सांगणार आहोत ती वस्तू मात्र भिंतीत पुरलेली असते किंवा छताच्या आत लपलेली असते, आणि ज्याने ती बसविली त्या माणसाखेरीज तिचे दर्शन कोणास होत नाही. ती वस्तू म्हणजे आगीत टिकून राहणारी विजेची तार. आमचा बहुतेक जन्म वायरमन, फिटर आणि हेल्पर यांची संघटना बांधण्यात गेला. शाळा आमची लवकर सुटली. पण अपघातांचे अहवाल, न्यायालयांचे निकाल आणि कारखान्यांची माहितीपत्रके शब्दकोश शेजारी ठेवून वाचण्याची जी खोड लागली ती सुटली नाही. त्या वाचनातून जे हाती आले ते येथे मांडतो.

प्रथम प्रश्न नीट समजून घेऊ. इमारतीला आग लागली म्हणजे शहाणा मनुष्य आधी मेन स्विच पाडतो. वीज चालू राहिली तर पाण्याचा फवारा मारणाराच दगावेल. परंतु नेमक्या त्याच घटकेला त्या इमारतीत काही वस्तू अशा असतात की ज्यांना वीज मिळालीच पाहिजे. इशाऱ्याची घंटा, जिन्यातले आणि दारावरचे आपत्कालीन दिवे, माणसांना सूचना देणारा ध्वनिक्षेपक, आगीवर पाणी चढविणारा पंप, धूर बाहेर काढणारे पंखे, अग्निशामक जवानांना वर नेणारी लिफ्ट, ही ती मंडळी. म्हणजे एकाच घरात दोन प्रकारची वीज नांदत असते. पहिली रोजच्या सोयीची. ती आग लागताच बंद झालेली बरी. दुसरी वर्षानुवर्षे जवळजवळ बेकार बसलेली. पण आग लागली म्हणजे मात्र तिने कामावर हजर राहिले पाहिजे. या दुसऱ्या विजेच्या वाटांना आम्ही जीवरक्षक सर्किटे म्हणू. अडचण एवढीच की ही वाटसुद्धा त्याच इमारतीतून, कित्येकदा जळत्या खोलीच्या छतावरूनच जात असते. आपल्याकडे आधी लाकडी पट्टीतले रबराच्या वेष्टनाचे वायरिंग होते, त्यामागून प्लास्टिकच्या, म्हणजे पीव्हीसीच्या, वेष्टनाची तार आली. पीव्हीसी शंभर-दीडशे अंशांतच मऊ पडते. भडकलेल्या खोलीतले तापमान आठशे-नऊशे अंशांपर्यंत जाते. तेव्हा घंटेची तार घंटा वाजवून होण्याआधीच जळून जावी यात नवल ते काय?

यावर पहिला चोख तोडगा ज्याने काढला त्याचे नाव आर्नोल्ड फ्रान्स्वा बोरेल. हा स्वित्झर्लंडचा संशोधक. त्याने १८९६ साली एका तारेचे पेटंट घेतले. कल्पना अशी, की जळू शकेल असे काही तारेत ठेवूच नये. आत तांब्याचे दांडे, बाहेर तांब्याची नळी, आणि मधल्या पोकळीत कापूस, रबर, कागद यांपैकी काही नाही, तर खनिजाची भुकटी. ही भुकटी पुढे मॅग्नेशियम ऑक्साइडची ठरली. भट्टीला आतून ज्या विटा लावतात त्यांच्याच जातीची ही वस्तू. सुमारे अठ्ठावीसशे अंशांपर्यंत ती वितळत नाही. तांबे वितळते हजार-अकराशे अंशांच्या दरम्यान. म्हणजे नेहमीच्या घरगुती आगीला या तारेत खायला काहीच उरत नाही.

ती करण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. जाड नळीत दांडे उभे करावयाचे, भोवती भुकटी ठासून भरावयाची, आणि मग ती सगळी नळी एकाहून एक लहान साच्यांतून ओढत न्यावयाची. नळी बारीक होते, लांब होते, आतले दांडेही त्याच प्रमाणात बारीक होतात, आणि भुकटी दगडासारखी घट्ट बसते. ओढताना तांबे ताठर होते म्हणून मधून मधून ते तापवून नरम करावे लागते. सोनाराच्या दुकानी जंतरातून तार ओढताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना यात परके काही वाटणार नाही.

पेटंट १८९६ चे; परंतु व्यापारी प्रमाणावर ही तार निघू लागली ती १९३२ पासून, फ्रान्समध्ये. १९३७ साली इंग्लंडातील पायरोटेनॅक्स कंपनीने फ्रेंच कारखान्याकडून हक्क घेऊन तिचे उत्पादन सुरू केले, आणि पुढे पुष्कळ वर्षे इंग्लंडात ही तार 'पायरो' या लाडक्या नावानेच ओळखली जात असे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ती गेली, तेलवाहू जहाजांत गेली, आणि १९३५ साली पहिल्या सफरीवर निघालेल्या 'नॉर्मंडी' या प्रचंड फ्रेंच प्रवासी जहाजातही गेली.

या 'नॉर्मंडी'ची गोष्ट येथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. महायुद्धात अमेरिकेने हे जहाज ताब्यात घेतले आणि न्यूयॉर्कच्या बंदरात त्याचे सैन्यवाहू जहाज करण्याचे काम चालू केले. ९ फेब्रुवारी १९४२ रोजी पहिल्या वर्गाच्या दिवाणखान्यात वेल्डिंगचे काम चालले होते. तेथेच जीवरक्षक जाकिटांचे ढीग रचून ठेवले होते. ठिणगी त्यांवर पडली. जहाजावर आगीचा इशारा देण्याची आणि पाणी खेळविण्याची उत्तम व्यवस्था होती. पण काम चालू असल्यामुळे ती बंद करून ठेवलेली होती. शहरातले बंब धावून आले, तर त्यांच्या नळांचे आटे फ्रेंच जोडांना बसेनात. शेवटी बाहेरून इतके पाणी ओतले गेले की त्या ओझ्याने जहाज धक्क्यालाच कलंडले. आगीत न जळणारी तार त्या जहाजात होती; पण ज्या व्यवस्थेसाठी ती जागी राहावयाची ती व्यवस्थाच माणसांनी आधी झोपवून ठेवली होती. ज्या जाकिटांनी जीव वाचवावयाचा त्यांनीच आग धरली, हा भाग तर एखाद्या नाटककाराने लिहिला असता तर आपण त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते.

या खनिज तारेचा गुण सांगितला, तसा तिचा स्वभावही सांगितला पाहिजे, कारण तो आमच्या धंद्याशी निगडित आहे. ती भुकटी हवेतला ओलावा शोषून घेते. तार कापून तोंड उघडे ठेवले की काही वेळातच टोकाशी दमट होते, आणि मेगर लावून पाहिले तर काटा खाली आलेला दिसतो. मग ब्लोलॅम्पने तार तापवीत तापवीत, मागून टोकाकडे, तो ओलावा बाहेर हाकलावा लागतो. नंतर तांब्याची साल नेमकी तेवढीच काढावयाची, टोकावर पितळेची वाटी फिरवून बसवावयाची, तिच्यात लुगदी एका बाजूने दाबत भरावयाची म्हणजे आत हवेचा बुडबुडा राहत नाही, मग ती बंद करून ग्लँड चढवावयाची आणि पुन्हा मेगरने तपासावयाचे. हे काम हाताला शिकवावे लागते. घाईच्या माणसाला ते जमत नाही आणि स्वस्तातल्या माणसाला ते कोणी शिकवीत नाही. त्यामुळे कोठलाही ठेकेदार या तारेला महाग म्हणतो तेव्हा तांब्याच्या किमतीबरोबरच कारागिराचा वेळही त्याच्या मनात असतो, असे आमचे मत आहे.

आता १९७५ या सालाकडे येऊ. त्या वर्षी अवघ्या चार आठवड्यांच्या आत अमेरिकेत दोन आगी लागल्या. दोन्हींत जागच्या जागी कोणी मेले नाही. तरीही तारांच्या इतिहासात या दोन आगींना फार महत्त्व आहे.

पहिली न्यूयॉर्कमधील दुसऱ्या अव्हेन्यूवरच्या टेलिफोन एक्स्चेंजची, २७ फेब्रुवारीची. मध्यरात्र उलटल्यावर तळघरातल्या केबलच्या दालनात ती पेटली आणि तारांच्या वाटेने वर चढली. सुमारे पावणेदोन लाख टेलिफोन मुके झाले. ते पुन्हा बोलते करण्यास तीन आठवड्यांहून अधिक लागले. परंतु आम्हाला येथे टेलिफोनांपेक्षा बंबवाल्यांचे सांगावयाचे आहे. पीव्हीसी या पदार्थात वजनाने निम्म्याहून अधिक क्लोरीन असते. तो जळला म्हणजे हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, आणि ओलाव्याशी, म्हणजे डोळ्यांतल्या, घशातल्या, फुप्फुसांतल्या ओलाव्याशी, गाठ पडताच त्याचे आम्ल होते. जवळजवळ सातशे जवान त्या धुरात उतरले होते. पुढे अनेकांना कर्करोगाने गाठले, आणि त्याचे मूळ त्या रात्रीच्या धुरात आहे असे त्यांचे सोबती वर्षानुवर्षे सांगत राहिले. या जवानांच्या वैद्यकीय कागदांवर लाल खूण करण्यात आली होती. खूण केली, पण त्या खुणेच्या मागे जाऊन या माणसांचे पुढे काय होते याचा जसा पिच्छा पुरवावयास हवा होता तसा पुरविला गेला नाही, ही त्यांची तक्रार होती. कामगार चळवळीत ज्यांचे केस पांढरे झाले त्यांना अशा लाल खुणांचे मोल चांगले ठाऊक असते.

दुसरी आग २२ मार्चची, अलाबामा राज्यातल्या ब्राउन्स फेरी या अणुवीजकेंद्रातली. नियंत्रणकक्षाच्या खाली एक खोली होती, जिच्यातून हजारो तारा पसरून भिंतीपलीकडे अणुभट्टीच्या इमारतीत जात. भिंतीतल्या या भोकांतून हवा गळू नये म्हणून ती बुजवावयाची होती. अणुभट्टीच्या इमारतीत हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवलेला असे. तेव्हा गळती कोठे आहे हे कसे शोधावयाचे? मेणबत्तीने. ज्योत भोकाशी धरावयाची. ती आत ओढली गेली की गळती आहे असे समजावयाचे. आणि भोक बुजवावयास काय? फेसासारखा पॉलियुरेथेन, जो पेटतो. भर दुपारी एका तरुण इलेक्ट्रिशियनच्या हातची ज्योत आत ओढली गेली आणि त्या फेसाने पेट घेतला. त्याआधीही अशा किरकोळ ज्वाळा हातांनी थोपटून विझविल्या गेल्या होत्या.

ही आग सात तासांहून अधिक काळ जळत होती, कारण विजेच्या तारांवर पाणी मारावे की नाही याचा निर्णय व्हावयास तेवढा वेळ लागला. बाहेरून आलेला बंबाचा प्रमुख पाणी मारा म्हणून सांगत होता. अखेर पाणी मारले तेव्हा आग लवकरच विझली. सोळाशेंहून अधिक तारा निकामी झाल्या होत्या. त्यांपैकी सहाशे अठ्ठावीस तारा सुरक्षेशी संबंधित होत्या. पहिल्या अणुभट्टीला आणीबाणीत थंड करावयाची जी यंत्रणा होती ती हातातून गेली, आणि भलत्याच कामासाठी असलेल्या पंपांच्या जोरावर तेथल्या लोकांनी भट्टीत पाणी राखले. त्या लोकांच्या शांतपणाची स्तुती करावी तेवढी थोडी आहे.

आता यातले मर्म पाहा. या केंद्रात प्रत्येक महत्त्वाच्या यंत्रणेला जोडीदार होता. एक बंद पडली तर दुसरी आहे, या भरवशावर सारा आराखडा उभा होता. परंतु पहिलीची तार आणि दुसरीची तार कोठे ना कोठे एकाच भिंतीच्या भोकातून, एकाच ट्रेच्या शेजारून जात होती. दोन विहिरी खणल्या आणि दोघींना एकच रहाट लावला, त्यातला हा प्रकार. अमेरिकेच्या अणु-नियामक आयोगाने पुढे १९८० साली नियम केला की भट्टी सुरक्षितपणे बंद करणाऱ्या दोन जोडीदार यंत्रणांच्या तारांमध्ये तीन तास टिकणारी भिंत हवी. किंवा वीस फुटांचे मोकळे अंतर, आणि सोबत आग ओळखणारी व आपोआप विझविणारी सोय हवी. किंवा अशा सोयीसह निदान एक तास टिकणारे आवरण तरी हवे. मेणबत्तीवाल्या तरुणाचे नाव आम्ही येथे घेत नाही. ज्योतीने गळती शोधणे ही त्या कामाची चालू रीत होती; त्याने ती स्वतःच्या डोक्यातून काढलेली नव्हती. तरी वर्तमानपत्री स्मृतीत मेणबत्ती आणि तिच्यामागचा हात एवढेच राहिले. पेट घेणारा फेस कोणी पसंत केला आणि दोन जोडीदार तारा एका वाटेने कोणी नेल्या, हे विचारावयास जाड अहवाल उघडावा लागतो.

आता आगीत टिकणे म्हणजे किती वेळ टिकणे, आणि कशात टिकणे, हे कोणी तरी ठरवावयास हवे. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९७० साली त्याची एक कसोटी छापली. तिच्यात साडेसातशे अंशांच्या ज्वाळेत तार तीन तास चालू राहावयाची असे. ब्रिटिशांनी १९८३ साली आपली वेगळी, कडक कसोटी काढली. तिच्यात सर्वांत वरच्या वर्गाला साडेनऊशे अंशांत तीन तास, शिवाय ज्वाळेत असताना पाण्याचा फवारा, आणि ज्वाळेत असताना हातोड्यासारखे ठोके, अशा तीन परीक्षा होत्या. कारण खऱ्या आगीत नुसती ज्वाळा नसते. वरून गिलावा पडतो, तुळई पडते, बंबाचे थंड पाणी तापलेल्या तारेवर पडते. एक खोच मात्र अशी की या तीन परीक्षा तारेच्या तीन वेगवेगळ्या तुकड्यांवर घेता येत. आग काही हप्त्याहप्त्याने येत नाही! म्हणून पुढे २००८ साली पंपांसारख्या मोठ्या भाराच्या तारांसाठी एकाच तुकड्यावर ज्वाळा, ठोके आणि पाणी हे तिन्ही लावणारी कसोटी निघाली.

दरम्यान खनिज तारेला स्वस्त आणि लवचीक भावंडेही आली होती. एक सिलिकोन रबराचे. हे रबर जळते खरे, पण जळून जी राख उरते ती वाळूच्याच जातीची असते, आणि ती वीज अडवून धरते. मात्र तिला धक्का लागला की ती गळून पडते. दुसरे भावंड अभ्रकाचे. अभ्रकाचा चुरा करून त्याचा कागदासारखा पापुद्रा काढतात, काचेच्या विणीवर चिकटवितात, आणि ती फीत तांब्याभोवती गुंडाळतात. वरचे प्लास्टिक जळून गेले तरी ही फीत तांब्याला तांब्यापासून दूर ठेवते. आमच्या वैद्यांनी ज्याचे भस्म केले तेच हे अभ्रक.

अभ्रकाचे नाव निघाले म्हणून झारखंडातल्या कोडरमा आणि गिरिडीहकडे वळल्यावाचून आमच्याने राहवत नाही. विजेचे युग सुरू झाले तेव्हा येथले अभ्रक जगभर जात होते. खाणी होत्या, मजूर होते, त्यांच्या संघटनाही होत्या. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर पुष्कळ खाणी बंद पडल्या. पण टाकून दिलेल्या ढिगाऱ्यांतून अभ्रकाचा चुरा वेचणे बंद पडले नाही. त्या चुऱ्याला तिकडे 'ढिब्रा' म्हणतात. बाया आणि मुले तो टोपलीने वेचतात, उंदराच्या बिळासारख्या भोकांत शिरतात, आणि भोक ढासळले की आत राहतात. कागदोपत्री खाणच नाही, म्हणून अपघातही नाही आणि नुकसानभरपाईही नाही. येथले अभ्रक रंगात जाते, बायकांच्या प्रसाधनात जाते, विजेच्या सामानात जाते. एखाद्या थोर शहरातल्या इस्पितळात जीव वाचविणारी फीत आणि त्या बिळातला मुलगा यांच्यात किती हातांचे अंतर आहे, हे मोजण्याचा प्रयत्न अलीकडे होऊ लागला आहे. असो.

आता आपल्या देशातली एक घटना. १३ जून १९९७, शुक्रवार, दिल्लीचे उपहार चित्रपटगृह. त्या दिवशी तेथे 'बॉर्डर' हा नवा चित्रपट लागला होता. खाली, मोटारी उभ्या करावयाच्या जागेत, वीजमंडळाचा ट्रान्सफॉर्मर होता. सकाळी त्यात बिघाड होऊन किरकोळ आग लागली. माणसे आली, दुरुस्ती करून गेली. न्यायालयाच्या निकालपत्रात या दुरुस्तीचे वर्णन आहे. तारेच्या टोकाला लग घट्ट बसवावयास दाबयंत्र लागते. ते वापरले गेले नाही, डाय आणि हातोड्याने काम भागविले गेले. संध्याकाळी पाचच्या सुमारास ती सैल तार निसटली, ट्रान्सफॉर्मरच्या अंगावर ठिणग्या उडाल्या, भोक पडले, तेल सांडले आणि पेटले. जिन्याने धुराड्याचे काम केले. धूर थेट बाल्कनीत गेला.

बाल्कनीत काय स्थिती होती? जादा खुर्च्या आणि एक खासगी बॉक्स बसविण्यासाठी उजवीकडची वाट बंद केलेली. वीज गेली, काळोख झाला. आपत्कालीन दिवे लागले नाहीत. ध्वनिक्षेपकावरून कोणी सांगितले नाही की बाहेर पडा. एकोणसाठ माणसे गुदमरून गेली, शंभराहून अधिक जखमी झाली. आप्तांनी संघटना करून जवळजवळ दोन तपे खटला लढविला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मालकांची दोषसिद्धी कायम केली आणि २०१५ साली साठ कोटी रुपयांचा दंड सांगितला. खटल्यात वीजमंडळाच्या कामगारांनाही शिक्षा झाल्या.

येथे कोणी म्हणेल, उपहारमध्ये आगीत टिकणारी तार असती तर? आम्ही तसे म्हणत नाही. तार जागी राहण्यासाठी तिच्या टोकाला दिवा असावा लागतो, घंटा असावी लागते. तेथे जपण्यासारखे सर्किटच उभे नव्हते. आणि त्या सकाळच्या दुरुस्तीबद्दल आमचे म्हणणे असे, की फिटरने हातोडा का वापरला हे विचारणे बरोबरच आहे, शिक्षाही बरोबर असेल. पण दाबयंत्र त्याच्या पेटीत का नव्हते हा प्रश्न त्याच दमात विचारला पाहिजे. हत्यारांची पेटी कामगार भरत नसतो.

राष्ट्रीय इमारत संहितेत हे लिहिलेले आहे की आगीचे पंप, लिफ्ट, जिने व मार्गिकांतले दिवे आणि धूर अडविणारे पंखे यांची सर्किटे मुख्य पॅनेलपासून वेगळी काढावीत आणि वेगळ्या नळ्यांतून न्यावीत, म्हणजे एकीतली आग दुसरीला लागणार नाही. मजल्यामजल्यावर तारांचा शाफ्ट आग अडविणाऱ्या द्रव्याने बुजवावा, हेही आहे. ब्राउन्स फेरीची भिंत ज्याला ठाऊक आहे त्याला हे नियम कोठून आले असतील ते सांगावे लागत नाही. महाराष्ट्राने २००६ साली आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा केला; त्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. आगीत टिकणाऱ्या तारांसाठी स्वतंत्र भारतीय मानकही २०२१ साली निघाले.

असे असूनही दुकानात काय होते पाहा. तारेच्या गुंडाळीवर 'एफआर' अशी दोन अक्षरे छापलेली असतात. गिऱ्हाईक समजते की ही तार आगीत टिकते. दुकानदारही तसेच समजतो, किंवा समजू देतो. वास्तविक त्या अक्षरांचा अर्थ एवढाच की ही तार स्वतः ज्वाळा पसरवीत नाही. दुसऱ्याने लावलेल्या आगीत ती चालू राहील असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. आग न पसरविणारी तार म्हणजे शेजारधर्म पाळणारी तार. आगीत काम करणारी तार म्हणजे पहाऱ्यावरची तार. दोघींच्या भावात मोठा फरक आहे, आणि भिंतीत गेल्यावर दोघी सारख्याच दिसतात.

शेवटी खिळ्यांचा आणि सॅडलचा इतिहास सांगतो. आमच्या दृष्टीने या साऱ्या कथेतला हा सर्वांत जवळचा भाग आहे.

२ फेब्रुवारी २००५ रोजी इंग्लंडात स्टीव्हनेज येथील हॅरो कोर्ट या उंच इमारतीत चौदाव्या मजल्यावर आग लागली. दोन अग्निशामक जवान आत शिरले, एका माणसाला त्यांनी बाहेर काढले, दुसरीसाठी ते पुन्हा आत गेले. ते दोघे आणि ती स्त्री, तिघेही गेले. मार्गिकेत प्लास्टिकच्या पट्टीत बसविलेल्या तारा पट्टी वितळल्यावर खाली लोंबल्या होत्या, आणि दोघांपैकी एक जवान त्यांत गुरफटलेला सापडला. ६ एप्रिल २०१० रोजी साउदॅम्प्टनच्या शर्ली टॉवर्समध्ये पुन्हा तेच. पुन्हा दोन जवान, पुन्हा छतावरून सुटलेल्या तारांचे जाळे. तार कितीही थोर असो, तिला धरणारी चिमटी प्लास्टिकची असेल तर आग लागताच पहिली चिमटी सुटते. मग तीन तास टिकणारी तारसुद्धा धुरात आंधळ्या झालेल्या माणसाच्या गळ्यात पडते.

तेथल्या जवानांच्या युनियनने, फायर ब्रिगेड्स युनियनने, या मृत्यूंची स्वतंत्र चौकशी केली आणि तारांचा मुद्दा सोडला नाही. मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरनेही २०१३ साली वायरिंगचे नियम बदलावेत असे लेखी कळविले. २०१५ साली ब्रिटिश वायरिंग नियमांत दुरुस्ती झाली, की सुटकेच्या वाटेवरील तारा अकाली कोसळणार नाहीत अशा पद्धतीने, म्हणजे धातूच्या आधारांनी, धराव्यात. २०१८ च्या आवृत्तीत तो नियम सुटकेच्या वाटेपुरता न ठेवता साऱ्या इमारतीला लावला. स्टीव्हनेजपासून पहिल्या दुरुस्तीपर्यंत दहा वर्षे गेली. पैशांचा हिशेब केला तर वाद होता पत्र्याच्या चिमटीचा, जी प्लास्टिकच्या चिमटीहून थोडी महाग पडते.

आमच्याकडे वायरमनची मजुरी बहुधा पॉइंटवर ठरते. एका पॉइंटमागे इतके रुपये. मग तार दहा चिमट्यांनी धरलेली असो की दोनांनी. फॉल्स सीलिंग वर चढले की आत काय आहे ते कोण पाहतो? काही वर्षांपूर्वी एका नव्या इस्पितळाच्या कामावर आमच्या सभासदांना घंटेच्या तारा प्लास्टिकच्या टायने पाण्याच्या पाइपाला बांधावयास सांगितले गेले. एका वयस्क वायरमनने नकार दिला आणि पत्र्याचे सॅडल मागितले. मुकादम म्हणाला, "काका, सॅडल घ्या, पण भोक पाडायचा वेळ तुमच्या खिशातला." त्यांनी चार दिवस स्वतःच्या वेळेत भोके पाडली. आम्ही कामावर गेलो तेव्हा ते शिडीवर होते, खाली उतरून म्हणाले, "हे माझ्या एकट्याने व्हायचं नाही, याचा दर लावून घ्या."

तो दर आम्ही मागणीपत्रात घातला. जीवरक्षक सर्किटांची मजुरी पॉइंटवर न धरता मीटरवर धरावी, दर सॅडलचा भाव वेगळा लावावा, तोंडजोडणी आणि मेगरची तपासणी यांचे तास वेगळे मोजावेत, आणि सीलिंग बंद करण्याआधी काम पाहिल्याची सही इंजिनिअरने वायरमनसमोर करावी, अशी चार कलमे आहेत. पहिली दोन ठेकेदारांनी तत्त्वतः मान्य केली आहेत. तिसऱ्यावर घासाघीस चालू आहे. चौथ्यावर ते अजून बोलावयास तयार नाहीत.